लुनाला बॅटरी : एकट्याचा खटाटोप नको, संस्थेचा मार्ग हवा



गळीत हंगाम संपला की शेतकी विभागाच्या गटवार बैठका होतात. लागणीच्या नोंदी, बेणेमळा, खोडव्यातले पाचट, हुमणी, खतांच्या मात्रा हे विषय ठरलेलेच असतात. अलीकडे मात्र बैठक उठता उठता एक वेगळाच प्रश्न हमखास निघतो. "साहेब, घरात जुनी लुना पडलीय. तिला मोटार अन् बॅटरी बसवून घेतली तर चालंल का?" एका गटात लुना असते, दुसऱ्यात बजाजची एम-५० किंवा टीव्हीएसची जुनी मोपेड असते, प्रश्न तोच. कोणी म्हणतो भाच्याने मोबाईलवर पाहून ठेवले आहे, कोणी म्हणतो भोसरीतला एक फिटर आठ दिवसांत करून देतो.

ऊस विकास विभागाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की सभासदाच्या खिशातून रोज जाणारा पैसा आणि सभासदाच्या सातबाऱ्यावर येऊ शकणारा बोजा, या दोन्ही गोष्टी उसाशी निगडितच आहेत. म्हणून या प्रश्नाचा सांगोपांग विचार आम्ही येथे मांडत आहोत. मत आमचे आहे. पटले तर घ्यावे, न पटले तर सभेत बोलावे.

मोपेड आणि आपला भाग

मोपेड ही आपल्याकडे हौसेची गाडी कधीच नव्हती. १९७२ साली नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यातून लुना बाहेर पडली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या मोपेडवरून ती बेतलेली होती. पन्नास सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन, पायडल मारून चालू करायची, पेट्रोल संपले तर सायकलसारखी रेटत घरी आणायची. पुढे १९८० साली टीव्हीएस-५० आली, १९८१ साली आकुर्डीच्या बजाज ऑटोने एम-५० काढली. ज्याला स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणे परवडत नव्हते, त्या माणसाला या गाड्यांनी रस्ता दाखवला. दुधाची किटली, वाड्याचा भारा, पंपाची जळालेली मोटार, शाळेची दोन पोरे, सगळे तिच्यावरून गेले.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तर तिचे काम दुहेरी होते. एमआयडीसी आली, काहींच्या जमिनी गेल्या, राहिलेल्या जमिनीत ऊस उभा राहिला आणि घरातली पोरे पाळीला कंपनीत जाऊ लागली. पहाटे रानात पाणी धरायचे आणि सातच्या पाळीला गेटवर हजर व्हायचे, या धावपळीत मोपेड हीच घरची बैलजोडी झाली. त्यामुळे ती गाडी भंगारात घालायला मन होत नाही, हे आम्ही समजतो. प्रश्न मायेचा आहे तसाच हिशेबाचाही आहे. आधी हिशेब पाहू.

पेट्रोलचा आणि विजेचा हिशेब

समजा सभासद रोज वीस किलोमीटर मोपेड चालवतो आणि वर्षातले तीनशे दिवस चालवतो. वर्षाला सहा हजार किलोमीटर झाले. जुनी गाडी लिटरला पन्नास देते असे धरू. म्हणजे एकशेवीस लिटर पेट्रोल. लिटरचा भाव १०४ रुपये धरला तर साडेबारा हजार रुपये होतात. त्यात टू-टी ऑइल वेगळे, प्लग वेगळा, सायलेन्सरची काजळी काढायची मजुरी वेगळी.

आता वीज. हलक्या मोपेडला किलोमीटरला साधारण तीस वॅट-तास लागतात असे धरले तर सहा हजार किलोमीटरला १८० युनिट होतात. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते. २१० युनिट धरू. युनिटला दहा रुपये धरले तरी एकवीसशे रुपये. म्हणजे वर्षाला दहा हजारांच्या वर फरक पडतो. सभासदाला ही बाब कळलेली आहे, म्हणूनच प्रश्न निघतो.

दुसरे कारण पेट्रोलचेच आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पासून निघणाऱ्या गाड्या त्या हिशेबाने बनतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची मोपेड त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गाडी पावसाळाभर छपराखाली उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसते. कार्बोरेटरमधले जुने रबर फुगते. गाडी पायडल मारून मारून चालू होत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो, "मामा, हिचं वय झालं."

इथेनॉल आपले, मग वीज कशाला?

येथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. "इथेनॉलवर कारखान्याचा ताळेबंद उभा, त्यातून आम्हाला दोन पैसे मिळायचे, आणि तुम्हीच सभासदाला विजेची गाडी सांगता?"

याचाही हिशेब करू. एकशेवीस लिटर पेट्रोलमध्ये वीस टक्के म्हणजे चोवीस लिटर इथेनॉल. एक टन उसाच्या रसापासून साधारण सत्तर लिटर इथेनॉल निघते. म्हणजे एका मोपेडमागे वर्षाला उसाचा खप तीनशे-साडेतीनशे किलो. एका भरलेल्या बैलगाडीच्या निम्माही नाही. तेवढ्यासाठी सभासदाने दहा हजार रुपये जाळावेत असे आम्ही म्हणणार नाही. इथेनॉलचे भवितव्य लुनाच्या टाकीत ठरत नाही, ते दिल्लीत ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले आणि पुढच्या हंगामासाठी ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले, तेव्हा कारखान्यांची काय ओढाताण झाली ते आपण पाहिले आहे. शिवाय राज्यातले कितीतरी साखर कारखाने बगॅसवर वीज करून ती ग्रीडला विकतात. बॅटरीत गेलेली वीजसुद्धा उसाचीच असू शकते. तेव्हा वीज म्हणजे उसाची वैरीण, ही समजूत काढून टाकावी.

एवढ्यावरून वाटेल की आम्ही सर्वांना लुनाला बॅटरी बसवायला सांगणार. तसे नाही. खरी अडचण येथून पुढे आहे.

मोटार बसवणे म्हणजे नेमके काय

जुन्या मोपेडचे विजेवर रूपांतर दोन तऱ्हांनी होते. एक, मागचे चाकच बदलायचे आणि ज्याच्या तुंब्यात मोटार आहे असे चाक घालायचे. यास हब मोटार म्हणतात. दोन, इंजिन काढून त्या जागी मोटार बसवायची आणि चेनने चाक फिरवायचे. दोन्हींत मोटारीबरोबर कंट्रोलर, बॅटरी, बॅटरीची राखण करणारे बीएमएस, विजेची मूठ, ब्रेक दाबताच मोटारीचा प्रवाह तोडणारा स्विच आणि दिवा-हॉर्नसाठी बारा व्होल्ट देणारा कन्व्हर्टर लागतो. काम अवघड नाही. आपल्या पट्ट्यातल्या आयटीआयच्या पोराला ते जमते, यात आम्हाला शंका नाही. चाकणच्या लाइनीवर तो याहून अवघड काम रोज करतो.

तरी घरगुती कामात चार जागी घोळ होतो, तो सभासदाने समजून घ्यावा.

पहिली जागा मागचा चिमटा. पेट्रोलच्या गाडीत चाकाचा एक्सल स्वतः जोर लावत नाही, तो नुसता धरून ठेवतो. हब मोटारीत चाक एका बाजूला फिरते तेव्हा एक्सल तेवढ्याच जोराने उलट फिरू पाहतो. जुन्या चिमट्याचा पत्रा पातळ, त्यात गंजलेला. एक्सलला अडवून धरणारी पोलादी पट्टी लावली नाही तर एक दिवस एक्सल खाचेतून निसटतो, गरकन फिरतो आणि वायरी पिळून तोडतो. चाक सुटले तर पुढचे सांगायला नको.

दुसरी जागा ओझे. शिशाच्या चार बॅटऱ्या घेतल्या तर पंचवीस किलोच्या वर वजन होते. लिथियमची तेवढ्याच ताकदीची पेटी दहा-बारा किलोत बसते, पण महाग पडते. मूळ लुना स्वतः पन्नास-साठ किलोच्या घरातली. तिचे ब्रेक त्या हिशेबाचे. तिच्यावर बॅटरी, वर युरियाची ४५ किलोची गोणी आणि वर आपण. गाडी पळेल, पण थांबेल का हे आधी पाहावे.

तिसरी जागा मोटारीचे तापणे. पेट्रोल इंजिन दमले की बंद पडते. मोटार दमली तर बंद पडत नाही, तापत जाते. चिखलातून, पाटातून, भार घेऊन सावकाश चालवली की हब मोटार सर्वात जास्त तापते. विहिरीवरच्या मोटारीचा एक फेज गेला आणि ती तशीच चालू राहिली तर काय होते, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. तीच गत येथे. चाकातली मोटार भरून आणणारा मात्र गावोगाव नाही.

चौथी जागा बॅटरी, आणि ही सर्वात मोठी. जुन्या लॅपटॉपचे किंवा अपघातातल्या गाडीचे सेल जोडून केलेल्या पेट्या स्वस्तात मिळतात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात कारखान्यातून पास होऊन आलेल्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरने रस्त्यावर पेट घेतला होता. त्या वर्षी देशात असे प्रकार झाल्यावर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू केले. ज्यांच्याकडे तपासणीची यंत्रे आहेत त्यांच्या गाडीचे असे होते, तर पत्र्याच्या डब्यात टेप गुंडाळून केलेल्या पेटीचे काय? आणि आपण ती पेटी चार्जिंगला कुठे लावणार? गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीखाली, नाहीतर झोपायच्या खोलीत. रात्री साऱ्यांचा डोळा लागलेला असताना. हा विषय पैशाचा राहत नाही.

आधी शिदोरी मग जेजुरी

आता कागद. बहुतेक सभासदांना याची कल्पना नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की नोंदणीच्या पुस्तकात जे लिहिले आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. इंजिन काढून मोटार बसवणे हा मोठाच बदल. तो करण्याची सोय कायद्यात आहे. २०१६ साली केंद्राने नियमांत दुरुस्ती करून जुन्या गाड्यांना विजेचे किट बसवण्यास वाट दिली. पण किट मंजूर पाहिजे. ते एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे सरकारमान्य संस्थेने तपासलेले पाहिजे, ज्या जातीच्या गाडीसाठी तपासले त्याच जातीला बसवले पाहिजे, किट बनवणाऱ्याने नेमलेल्या माणसानेच बसवले पाहिजे आणि मग आरटीओने नोंदणीत इंधन बदलून दिले पाहिजे. ही साखळी पुरी झाली तर गाडी कायदेशीर. एक कडी तुटली तर बेकायदा. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

काही दुकानदार सांगतात, "२५० वॅटची मोटार आहे, पासिंग लागत नाही." हे अर्धवट आहे. पासिंगची सूट आहे ती २५० वॅटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली, हलकी, आणि त्याच प्रकारची म्हणून तपासून घेतलेली गाडी असेल तर. तुमची लुना एकदा मोटार वाहन म्हणून नोंदली गेली आहे. तिला चाकात छोटी मोटार घातली म्हणून ती सायकल होत नाही.

दंड फार मोठा नाही, भरून टाकू, असे कोणी म्हणेल. त्याने पुढचे वाचावे. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता आपण जाणतो. कंटेनरच्या रांगा, पाळी सुटल्यावरची गर्दी, कडेने चालणारी माणसे. त्या रस्त्यावर आपल्या रूपांतरित मोपेडने एखाद्याला धक्का लागला आणि तो माणूस जायबंदी झाला, तर दावा अपघात न्यायाधिकरणात जातो. विमा कंपनी कागद पाहते. गाडी पुस्तकाप्रमाणे नाही म्हटल्यावर ती हात वर करू शकते, किंवा आधी पैसे भरून मागाहून मालकाकडून वसूल करू शकते. आणि कलम १७४ प्रमाणे अशा निवाड्याची रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. थकबाकीसारखी वसुली म्हणजे काय, हे शेतकऱ्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. दहा हजार वाचवायला गेलो आणि सातबाऱ्यावर बोजा चढला, असे कोणाचेही होऊ नये, म्हणून हा लेख.

विजेच्या बाबतीतही एक इशारा. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून मोपेड चार्ज करू नये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने २०२४ पासून वीज मोफत केली आहे. ती पाण्यासाठी आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुपटीने आकारणी होते. चार्जिंग घरच्या मीटरवरच करावे.

पन्नाशी उलटलेली लुना

ज्यांच्याकडे अगदी सुरुवातीच्या सालातली लुना आहे त्यांना वेगळे सांगायचे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, आणि नंबरात व्हीए ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. १९७२ ची लुना २०२२ सालीच पन्नास वर्षांची झाली. तिच्यात मोटार घातली की मूळ रूप गेले आणि व्हिंटेजचा हक्कही गेला. तेव्हा आजोबांनी घेतलेली, पुस्तकासह जपलेली, मूळ इंजिनाची लुना ज्याच्या घरात असेल, त्याने तिला हात लावू नये. तिची किंमत पेट्रोल वाचवण्यात नाही.

चार आण्याची कोंबडी

मंजूर किट घ्यायचे म्हटले तर काय पडते? ठाण्याच्या एका कंपनीने २०२१ साली हिरोच्या स्प्लेंडर मोटारसायकलसाठी मंजूर किट काढले. त्या वेळच्या बातम्यांत किटची किंमत पस्तीस हजारांच्या आसपास आणि बॅटरी-चार्जर धरून पंचाण्णव हजारांच्या घरात दिली होती. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने ई-लुना बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत सत्तर हजारांच्या आत होती. दोन युनिटची बॅटरी, ताशी पन्नासचा वेग, एका चार्जमध्ये एकशेदहा किलोमीटरचा कंपनीचा दावा आणि दीडशे किलो ओझे. पायडल नाहीत एवढेच.

म्हणजे जुन्या गाडीचे रूपांतर नव्या गाडीहून महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सरकारी सवलतीचेही तसेच. ऑक्टोबर २०२४ पासूनची केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना नव्या गाड्यांसाठी काढलेली आहे. आपल्याच पट्ट्यात बजाजने चेतक हे जुने नाव जानेवारी २०२० मध्ये बॅटरीवर आणले आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीला त्यासाठी नवा कारखाना सुरू केला. नाव जुने ठेवले, पण गाडी सगळी नव्याने बांधली. कंपन्यांनी जुन्या सांगाड्यात मोटार कोंबली नाही, यात शिकण्यासारखे आहे.

सभासदाने आज काय करावे

१. गाडी पन्नास वर्षांची आणि मूळ रूपात असेल तर जपावी, बदलू नये.

२. गाडी चालू असेल आणि पुस्तक, विमा, पीयूसी ठीक असेल तर आहे तशी चालवावी. टाकीत पेट्रोल फार दिवस साठवू नये, रबरी नळी व वॉशर दर वर्षी बदलावेत.

३. गाडीचे पुस्तक नाही, सांगाडा गंजला, तर मोह सोडावा. नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि रोजच्या कामाला नवी बॅटरीची मोपेड पाहावी.

४. कोणी "किट बसवून देतो" म्हणाला तर त्याला दोन कागद मागावेत : तुमच्या मॉडेलसाठीचे मंजुरीपत्र आणि बसवण्याचा अधिकार दिल्याचे पत्र. बसवल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवावे लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे. पहिले दोन कागद दाखवले नाहीत तर चहा पाजून निरोप द्यावा.

मग संस्थेने काय करावे

एवढे नकार ऐकून सभासद म्हणेल, "म्हणजे गरिबाने काहीच करायचं नाही." नाही, आमचे मत तसे नाही. रूपांतर चुकीचे नाही. एकट्याने केलेले रूपांतर चुकीचे आहे. मंजुरीचा खर्च किटच्या जातीमागे एकदाच येतो. तो एका मोपेडवर पडला तर डोंगर, पाचशे मोपेडींवर पडला तर मातीचे ढेकूळ. ज्या गोष्टीचा खर्च एकट्याला झेपत नाही आणि शंभरांना झेपतो, ती सहकाराची गोष्ट. लुना नगर जिल्ह्यातून आली तसा सहकारी साखर कारखानाही नगर जिल्ह्यातूनच आला. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या काठी १९५०-५१ मध्ये पहिला हंगाम पाहिला, तो एका शेतकऱ्याच्या ऐपतीवर नव्हे, अनेकांच्या भागांवर.

आणि आपल्याइतकी सोय दुसऱ्या कोणाला आहे? गाड्या तपासणारी एआरएआय संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर, सीआयआरटी भोसरीत. मोटारी, कंट्रोलर, वायरिंग बनवणारे कारखाने भोसरीपासून चाकणपर्यंत. त्यांच्यात काम करणारी पोरे आपल्या घरातली, पुष्कळशी कंत्राटावर. हुन्नर आपल्या ओसरीवर आहे. कागदाची वाट तेवढी कोणी बांधलेली नाही.

म्हणून संचालक मंडळापुढे व वार्षिक सभेपुढे ठेवावे असे आम्ही पुढीलप्रमाणे सुचवतो.

एक, पुढील हंगामाच्या ऊसनोंदीबरोबरच चिटबॉयने प्रत्येक सभासदाकडे मोपेड आहे का, कोणती, कोणत्या सालची, पुस्तक आहे का, एवढी चार खाणी भरून आणावीत. खर्च काही नाही, माणूस बांधावर जातोच.

दोन, एकाच मॉडेलच्या पुरेशा गाड्या निघाल्या, आपल्या आणि शेजारच्या कारखान्यांच्या मिळून, तर किट बनवणाऱ्यांकडून प्रस्ताव मागवावेत. मंजुरी त्याने घ्यायची, आपण ठरावीक मागणीची हमी द्यायची. किट बसवण्याचे काम कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, आपल्याच सभासदांच्या आयटीआय झालेल्या मुलांना त्या कंपनीकडून शिकवून व्हावे.

तीन, पुरेशा गाड्या निघाल्या नाहीत तर हट्ट धरू नये. जुन्या मोपेडी दर वर्षी कमी होत आहेत. मंजुरी येईपर्यंत गाड्याच उरणार नाहीत, हा आक्षेप कोणी घेतला तर तो खरा आहे. अशा वेळी तीच एकजूट नव्या बॅटरी मोपेडीच्या एकत्र खरेदीसाठी वापरावी. दोनशे गाड्या एकदम घेणाऱ्याला भाव मिळतो, दुरुस्तीची सोय गावात मिळते, बॅटरीची हमी लेखी मिळते. एकट्याला यातले काही मिळत नाही.

चार, रक्कम सोसायटीमार्फत किंवा पतसंस्थेमार्फत द्यावी आणि सभासदाची लेखी संमती असेल तरच हप्ता ऊस बिलातून वळता करावा. संमतीशिवाय एक पैसाही कापू नये. बिल हे सभासदाच्या घामाचे आहे.

पाच, गट कार्यालयात आणि कारखान्याच्या वजनकाट्याजवळ मीटर लावून चार्जिंगची सोय करावी. स्लिपसाठी, बिलासाठी सभासद येतो तेवढ्या वेळात गाडी थोडी तरी भरते.

कारखान्याचे काम साखर करणे, मोपेडी नव्हे, असे काही जुने सभासद म्हणतील. त्यांना आमचे नम्र उत्तर एवढेच की राज्यातल्या कारखान्यांनी उपसा योजना केल्या, शाळा काढल्या, पेट्रोल पंप चालवले. पेट्रोल पंप चालवणे साखरेच्या कामात बसत असेल तर पेट्रोलचा खर्च कमी करणेही बसते. ऊस पिकवण्याचा खर्च टनामागे कमी व्हावा म्हणून आम्ही ठिबक सांगतो, माती परीक्षण सांगतो. रानात जायच्या-यायच्या खर्चात वर्षाला दहा हजार वाचत असतील तर तोही खर्चच वाचला.

येत्या वार्षिक सभेची विषयपत्रिका निघण्यापूर्वी ज्यांना हा विषय पटतो त्यांनी आपल्या गटाच्या संचालकांकडे लेखी मागणी द्यावी. तोवर कोणीही घाईने, उघड्या वायरीच्या जोरावर, घरच्या लुनाला मोटार बसवू नये. विना सहकार नाही उद्धार, हे वाक्य आपण भिंतीवर लिहून ठेवले आहे. या छोट्याशा गाडीच्या निमित्ताने ते पुन्हा एकदा कामाला लावून पाहू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग